राणी हिराई

राणी हिराई ही चांदा (आजचे चंद्रपूर) येथील गोंड राजघराण्यातील राणी होती. ती राजा बीरशाहाची पट्टराणी. पतीच्या हत्येनंतर अठराव्या शतकाच्या आरंभी तिने दत्तक पुत्र रामशाह याच्या नावाने राज्यकारभार पाहिला. चंद्रपूरची बीरशाहाची समाधी आणि महाकाली मंदिर या दोन वास्तूंमुळे तिचे नाव आजही घेतले जाते. तिच्याविषयीची परंपरागत कथा तीन विवाहांभोवती गुंफलेली आहे: तिचा स्वतःचा, तिच्या मुलीचा आणि बीरशाहाचा दुसरा. हे तिन्ही विवाह घराण्यांच्या सोयीने ठरलेले होते. पहिल्यातून एक स्मारक उभे राहिले, दुसऱ्यातून युद्ध पेटले आणि तिसऱ्याच्या मिरवणुकीत राजाचा जीव गेला.

चांद्याचे राज्य

चांद्याच्या गोंड राजांची सत्ता वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत होती. परंपरेनुसार त्यांची राजधानी प्रथम शिरपूर, नंतर बल्लारपूर आणि शेवटी चंद्रपूर अशी बदलत गेली. चंद्रपूर वसवण्याचे श्रेय खांडक्या बल्लाळशाह याला दिले जाते. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे दरवाजे असलेला शहराचा परकोट आजही बराचसा शाबूत आहे. उत्तरेला देवगड येथे दुसरे गोंड घराणे राज्य करीत होते. दोन्ही राज्यांवर मोगलांच्या खंडणीचे ओझे होते. १६६७ मध्ये दिलेरखानाने चांद्यावर चाल करून मोठी रक्कम वसूल केली. अशा काळात शेजारच्या गोंड राजाशी सोयरीक जुळवणे हा राजकारणाचाच भाग होता.

बीरशाहाच्या काळाबाबत वंशावळी आणि मोगल कागदपत्रे यांचा मेळ बसत नाही. जुन्या वंशावळी त्याला सतराव्या शतकाच्या मध्यावर नेतात. फारसी साधनांच्या आधारे मात्र किशनसिंगानंतर १६९६ च्या सुमारास बीरसिंग गादीवर आल्याचे मानले जाते. दुसरी मांडणी अधिक पटण्याजोगी आहे, कारण रामशाहाच्या कारकिर्दीशी ती सहज जोडता येते.

गोंडांमधील विवाहसंबंध

गोंड समाजात विवाह ठरवताना ‘सगा’ पाहिला जातो. चार, पाच, सहा आणि सात देव मानणारे असे कुळांचे गट असतात. एकाच गटातील कुळे परस्परांना भावकी मानतात, त्यामुळे त्यांच्यात सोयरीक होत नाही. आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देण्याला विशेष पसंती असते. एका पिढीत दिलेली मुलगी पुढच्या पिढीत सून होऊन परत येते, म्हणून या रीतीला ‘दूध लौटावणे’ असे म्हणतात. मुलीच्या पित्याला वधूमूल्य देण्याची चाल होती. ते देण्याची ऐपत नसलेला तरुण सासऱ्याच्या घरी ठरावीक काळ राबत असे. त्याला लमसेना म्हणत. कुळांच्या वंशावळी आणि देवांच्या कथा किंगरीच्या साथीने गाऊन जपण्याचे काम परधान करतात.

ही व्यवस्था चांद्यापुरती मर्यादित नव्हती. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर परिसरातील गोंड समाज याच सगा व्यवस्थेत मोडतो. किनवटचा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा जो विस्तृत अभ्यास केला, तो म्हणूनच मराठवाड्यातील गोंडांच्या विवाहरीती समजून घेण्यासही उपयोगी पडतो.

अशा समाजात मुलगी देणे म्हणजे दोन कुळांनी पिढ्यांचा करार करणे होय. सासरी तिचा झालेला अपमान हा त्या कराराचा भंग ठरतो. पुढील कथा याच संदर्भात वाचली पाहिजे.

देवगडचे युद्ध

परंपरेनुसार बीरशाहाने आपली मुलगी देवगडच्या राजघराण्यातील दुर्गपाल याला दिली होती. सासरी दुर्गपालाने तिचा अपमान केला. ही वार्ता चांद्यास पोहोचताच बीरशाहाने देवगडवर स्वारी केली. निघताना त्याने महाकालीला नवस केला की, विजय मिळाल्यास दुर्गपालाचे शिर देवीला अर्पण करीन. लढाईत तो कोंडीत सापडला असता त्याने देवीचा धावा केला आणि तलवारीच्या एका घावात जावयाचे शिर उडवले, असे सांगतात. ते शिर चांद्यास आणून देवीपुढे ठेवण्यात आले. महाकाली मंदिरावर कोरलेले एक शिर याच घटनेची खूण म्हणून दाखवले जाते.

या कथेत राजकन्येचे स्वतःचे म्हणणे कोठेही येत नाही. तिचा अपमान कोणत्या कारणाने झाला, युद्धानंतर तिचे काय झाले, याविषयी परंपरा गप्प आहे. पित्याने तिच्यासाठी उगवलेला सूड तिला विधवा करून गेला, एवढेच त्यातून कळते.

दुसरा विवाह आणि बीरशाहाची हत्या

हिराईला पुत्र नव्हता. गादीला वारस हवा म्हणून बीरशाहाने दुसरा विवाह ठरवला. त्याच्या पदरी हिरामण नावाचा राजपूत होता. त्याच्याजवळ एक अलौकिक तलवार असल्याची ख्याती होती. राजाने ती दाखवण्याविषयी त्याला वारंवार विचारले आणि त्याने प्रत्येक वेळी टाळाटाळ केली. लग्नाच्या मिरवणुकीत राजाने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा हिरामणने तलवार उपसून राजाला ठार केले आणि स्वतःचाही अंत करून घेतला, अशी आख्यायिका आहे. तलवारीचे वर्णन उघडच लोककथेच्या थाटाचे आहे, परंतु राजाचा वध त्याच्याच पदरच्या माणसाने केला या मुद्द्यावर परंपरा ठाम आहे.

राज्यकारभार

राजा निपुत्रिक मेल्याने हिराईने चंदनखेडा येथील आप्तशाखेतील रामशाह याला दत्तक घेतले आणि तो वयात येईपर्यंत कारभार स्वतः सांभाळला. रामशाह पुढे लोकप्रिय राजा ठरला. चंद्रपुरातील रामाळा तलाव त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच्यानंतर आलेल्या नीलकंठशाहाच्या काळात, १७५१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य खालसा केले.

वास्तू

बीरशाहाची समाधी अचलेश्वर दरवाजाजवळ, अचलेश्वर मंदिराला लागून असलेल्या राजघराण्याच्या समाधिस्थळात आहे. तेथील समाध्यांमध्ये ती सर्वांत भव्य असून दगडी चौथरा, कमानी आणि घुमट यांत तत्कालीन मोगल व दख्खनी बांधणीचा प्रभाव दिसतो. गोंडांमध्ये दफनाची रीत जुनी असल्याने मृतांचे स्मारक उभारणे त्यांना नवे नव्हते, मात्र या आकाराचे घुमटदार स्मारक ही राजघराण्याने स्वीकारलेली शैली होय. हा परिसर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. अचलेश्वर मंदिराच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही हिराईला देतात.

पतीने पत्नीसाठी ताजमहाल बांधला, तर येथे पत्नीने पतीसाठी समाधी बांधली, अशी तुलना स्थानिक लेखनात नेहमी आढळते. पत्नीने पतीचे स्मारक उभारल्याचे हे एकमेव उदाहरण असल्याचा दावा मात्र टिकणारा नाही. दिल्लीतील हुमायूनची कबर त्याची पत्नी बेगा बेगम हिने, तर पाटणची राणी की वाव राणी उदयमती हिने पतीच्या स्मरणार्थ बांधवली असे मानले जाते. हिराईच्या कृतीचे वेगळेपण अन्यत्र आहे. जो राजा दुसऱ्या लग्नाच्या मिरवणुकीत मारला गेला, त्याचीच समाधी पहिल्या राणीने राज्यातील सर्वांत देखणी केली. यामागे पतिप्रेम होते की दत्तक वारसाचा हक्क पक्का करण्याची निकड, याचे उत्तर दगडांतून मिळत नाही. दोन्ही एकाच वेळी असणेही शक्य आहे.

झरपट नदीकाठचे महाकाली मंदिर हिराईने बांधवले. देवगडच्या विजयाचे ऋण फेडण्यासाठी ते उभारले गेले, असे मानले जाते. मंदिरात देवीची एक मूर्ती उभी असून दुसरी निद्रिस्त रूपातील मूर्ती खालच्या भागात आहे.

महाकालीची यात्रा आणि मराठवाडा

चैत्र महिन्यात महाकालीची मोठी यात्रा भरते. गोंड राणीने बांधलेल्या या मंदिराचे फार मोठे भक्तगण विदर्भाबाहेरचे आहेत. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतून तसेच लगतच्या तेलंगणातून भाविक येथे येतात. त्यांत शेतकरी व शेतमजूर कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. झरपटमध्ये स्नान करून, देवीची गाणी म्हणत आणि पोतराजांच्या हलगीच्या तालावर ते दर्शनाला जातात. अनेक घरांत नवसाची ही वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यात्रेकरूंचा मुक्काम असतो त्या मैदानापासून बीरशाहाची समाधी फार दूर नाही.