जीव वाचवायला आलेले आणि जगायला आलेले

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी गावातली चार-पाच तरुण मंडळी घरी आली. त्यातले दोघे माझे विद्यार्थी. चहापाणी झाले, इकडचे तिकडचे झाले, आणि मग एकाने पिशवीतून कागद काढला. निवेदन होते. मजकूर थोडक्यात असा, की बोईसरच्या कारखान्यांत कामाला येणाऱ्या परप्रांतीयांना गावात कुणी खोल्या भाड्याने देऊ नयेत आणि कारखान्यांत स्थानिकांनाच आधी घ्यावे. खाली पंचवीस-तीस सह्या होत्या. "सर, तुमची सही पहिली हवी, म्हणून वर जागा सोडलीय."

मी म्हटले, ठेवून जा, वाचतो.

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. माझ्या घरामागे दोन खोल्या आहेत आणि त्यांत ओडिशातली मुले राहतात. तेव्हा या विषयात मी काही तटस्थ माणूस नव्हे. वाचकांनी हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

कागद आणणारा मुलगा हुशार. दहावीला इतिहासात चांगले गुण होते त्याला. तो कंपनीत ठेकेदाराकडे बारा तासांची पाळी करतो. दर वाढवून मागितला तर ठेकेदार म्हणतो, "तुला परवडत नसेल तर राहू दे. उद्याच्या गाडीने दहा जण उतरतील." हे ऐकल्यावर त्याला उपदेश करायला माझी जीभ वळली नाही. आईवडिलांची जमीन याच पट्ट्यात गेली, आणि नोकरी मात्र उद्याच्या गाडीने उतरणाऱ्याला. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला, पुढे औद्योगिक वसाहत आली. २००५-०६ मध्ये तिसरी आणि चौथी अणुभट्टी चालू झाली, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. इथल्या माणसाचा राग हवेतून आलेला नाही.

पण निघताना तो एक वाक्य बोलून गेला, ते डोक्यात राहिले. "सर, जीव वाचवायला कुणी आला तर आपण समजू शकतो. हे तर नुसते पैसे कमवायला येतात."

हेच वाक्य २०१५ मध्ये सीरियाचे लोक जर्मनीच्या दारात उभे होते तेव्हा युरोपात रोज बोलले जात होते. खरा निर्वासित कोण आणि पोटासाठी आलेला कोण, याची चाळण. त्यासाठी १९५१ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही. ओडिशाचा मुलगा तर देशाबाहेरचाही नाही, त्यामुळे त्या कराराचा आपल्याशी संबंध नाही असे वाटेल. मात्र चाळण तीच.

आता ही चाळण घेऊन आमच्याच रेल्वेमार्गावर उत्तरेला चला. उमरोळीहून बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. तिथे गाडी बदलून घोलवड, बोर्डी रोड, उमरगाव, आणि पुढे गुजरातच्या हद्दीत संजाण. पारशी लोक तिथे उतरले. दुधात साखर विरघळते तसे राहू, असे त्यांनी राजाला सांगितले, ही गोष्ट मी तीस वर्षे वर्गात सांगितली. निवृत्त झाल्यावर कळले, की १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'किस्से-ई-संजान' या त्यांच्या जुन्या ग्रंथात ती गोष्टच नाही! तिथे आहेत राजाच्या पाच अटी. धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रे खाली ठेवा, लग्नाच्या वराती संध्याकाळी काढा. साखरेपेक्षा मला त्या अटी जास्त खऱ्या वाटतात. आश्रय देणारा असाच हिशेब करून देतो. पुढे संजाण पडले तेव्हा आपला पवित्र अग्नी घेऊन ही मंडळी बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे लपून राहिली, अशी परंपरा आहे. बहरोट आपल्या डहाणू तालुक्यातलेच. म्हणजे पारशी चाळणीत वर राहिले, यात शंका नाही.

पण इराण्यांचे काय? घोलवड-डहाणूला चिकूच्या वाड्या आहेत, त्यातल्या कितीतरी इराण्यांच्या. हेही झरथुष्ट्राचेच अनुयायी, पण हजारेक वर्षे उशिरा, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमान भागातून आलेले. का आले? तिथे त्यांच्यावर जिझिया होता, अपमान होता, मारहाण होती. आणि १८७०-७२ मध्ये इराणात भयंकर दुष्काळ पडला, त्यात माणसे भुकेने मेली. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवले. त्यांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये शहाने जिझिया रद्द केला.

तरी इराणी येतच राहिले. मग १८८२ च्या आधी आलेला थोरला भाऊ निर्वासित, आणि नंतर आलेला धाकटा नुसता पैसे कमवायला आला? मुंबईत उतरून दोघांनी केले काय, तर पारशांच्या घरी पडेल ते काम, मग चहाची हॉटेले, आणि काहींनी इकडे येऊन जमिनी घेतल्या. तो माणूस अपमानामुळे निघाला की भुकेमुळे, हे त्याला स्वतःला तरी वेगळे काढून सांगता आले असते का?

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. पण ज्या जमिनीत त्या वाड्या उभ्या राहिल्या, त्या भागात वारली राहत होते. १९४५ पर्यंत डहाणू-उमरगावच्या सावकार-जमीनदारांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी आणि इराणीही होते. सगळेच वाईट असे मी म्हणणार नाही. पण वेठबिगार होती, आणि लग्नासाठी चार पैसे घेतले म्हणून नवराबायकोने जन्मभर धन्याकडे राबायचे, ही लग्नगडीची पद्धत होती. जीव वाचवायला किंवा पोट भरायला आलेल्यांचे काही वंशज धनी झाले होते, आणि मूळचा माणूस त्यांच्या दारात गडी होता. इतिहास शिकवताना हा भाग मी पटकन उरकत असे. पुस्तकात तो दोनच ओळींचा होता, हेही खरे.

मे १९४५ मध्ये झरी गावात किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यात होते. वेठ बंद करायचे तिथे ठरले. मग पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. इकडचे गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना जात असे. वारल्यांची मागणी एकच, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा सगळा काळ लिहिला आहे.

मला त्या मागणीचे नवल वाटते. धन्याला परत इराणला किंवा मारवाडला पाठवा, असे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी मागितले नाही. त्यांनी दर मागितला. कापणारा कोण हा प्रश्न नाही, कापणीचा दर हा आहे.

माझे वडील रत्नागिरीकडचे. मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर आत घेत, नाहीतर परत. दारातली ती गर्दी आतल्या माणसाला गप्प ठेवायला उपयोगी पडे. त्यांना कुणी विचारले नाही, जीव वाचवायला आलास की पैसे कमवायला. मी १९७४ मध्ये नोकरीसाठी या भागात आलो, तेव्हा मीही परकाच होतो. आता मंडळी म्हणतात, "सर, तुम्ही तर आमचेच."

आणि आपल्याकडून बाहेर जाणारे? जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. बोचके, भांडी, कोंबड्या, पोरे घेऊन. कुठे गेले म्हणून विचारले तर शेजारी सांगतात, "जगायला गेले." पैसे कमवायला असे कुणी म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले तेव्हा हीच माणसे आणि माझ्या खोल्यांतली मुले एकाच वेळी रस्त्यावर आली. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या, तोवर कित्येक जण रुळांच्या कडेने चालत निघाले होते. माझे भाडेकरू गेले तेव्हा किल्ली देऊन गेले, आणि एका महिन्याचे भाडे राहिले म्हणून माफी मागून गेले.

१९७९ चा एक कायदा होता, दुसऱ्या राज्यातून आणलेल्या कामगारांसाठी. त्यात लिहिले होते, की एकाच कामाला बाहेरच्या कामगाराला स्थानिकाइतकीच मजुरी द्यायची. हा कायदा फक्त बाहेरच्यासाठी नव्हता, माझ्या विद्यार्थ्यासाठीही होता. पुढे तो २०२० च्या कामगार संहितेत घेण्यात आला. बोईसर नाक्यावर मी कुणाच्या तोंडून त्याचे नाव ऐकलेले नाही.

आठ दिवसांनी तो मुलगा कागद न्यायला आला. मी सही केली नव्हती. समासात पेन्सिलने एक ओळ लिहिली होती, की एका कामाला सगळ्यांना एकच दर मिळावा आणि तो कारखान्याच्या दारावर लावावा. ही ओळ घाल, मग खोल्यांची ओळ काढ, मग सही करतो.

त्याने दोनदा वाचले. म्हणाला, "सर, हे लिहिले तर गावातलेच दोघे नाराज होतील. ते ठेके घेतात."

मी काही बोललो नाही. तो पायऱ्या उतरता उतरता थांबला. मागच्या खोल्यांकडे पाहून म्हणाला, "एका खोलीत सहा जण आहेत ना? तुम्ही भाडे माणशी घेता की खोलीचे?"

माणशी घेतो. त्याला तसे सांगितले. कागद घेऊन गेला, तो अजून परत आलेला नाही.