पंधरा वर्षांची रेघ

फौजेतल्या क्लार्कला झोपेतून उठवून विचारलं तरी एक आकडा तो बरोबर सांगेल. पंधरा. शिपायाची पात्र सर्व्हिस पंधरा वर्षं भरली की पेन्शन. त्याआधी घरी गेला तर हातात एकरकमी ग्रॅच्युइटी आणि डिस्चार्ज बुक. ड्यूटीवर अपंगत्व आलं तर त्याचे नियम वेगळे आहेत. थोडे महिने कमी पडत असतील तर ते माफ करून घेण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी आम्ही रेकॉर्ड ऑफिसला पत्रांवर पत्रं लिहितो. पण दोन-चार वर्षं कमी असतील तर क्लार्कचं काही चालत नाही आणि कमांडिंग ऑफिसरचंही चालत नाही.

आजचा लेख या रेघेच्या अलीकडे राहिलेल्या माणसांबद्दल आहे, आणि त्यांच्यासाठी साता समुद्रापलीकडून काम करणाऱ्या एका संस्थेबद्दल. तिचं नाव गुरखा वेल्फेअर ट्रस्ट. मुख्य कार्यालय इंग्लंडमध्ये, काम मुख्यतः नेपाळच्या डोंगरांत, आणि एक केंद्र आपल्या दार्जिलिंगला. माझं पोस्टिंग त्या भागात झालं नसतं तर मला हे नावही कळलं नसतं.

आपल्याकडे 'गुरखा' म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती रात्रीची शिट्टी आणि काठीचा आवाज. महिन्याच्या सुरुवातीला दारात येऊन पैसे मागणारा माणूस. हा शब्द पहारेकऱ्याचं नाव कसा झाला, त्यामागेही थोडा या रेघेचा इतिहास आहे. पलटणीतून लवकर मोकळे झालेले अनेक जण गावी शेतीवर भागेना म्हणून पुन्हा भारताच्या शहरांत आले आणि त्यांना येत होतं तेच काम त्यांनी धरलं.

आता थोडं मागे जाऊ. नेपाळशी युद्ध चालू असतानाच, 1815 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीनं गोरखा सैनिकांची भरती सुरू केली. पुढं त्यांच्या दहा रेजिमेंट झाल्या. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटच्या पलटणी भराभर वाढवल्या गेल्या आणि लाखाहून अधिक माणसं भरती झाली. ब्रह्मदेश, इटली, उत्तर आफ्रिका, जिथं लढाई होती तिथं ती होती. युद्ध संपलं तेव्हा एवढी फौज कुणालाच नको होती. 1946 च्या सुमारास पलटणीच्या पलटणी मोडल्या. युद्धासाठी भरती झालेल्या माणसाची सर्व्हिस असणार किती? तीन वर्षं, चार वर्षं, फार तर सहा. सगळे रेघेच्या अलीकडे.

मग 1947 आलं. भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि दहा रेजिमेंटची वाटणी झाली. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी आणि नववी भारताकडे राहिली. दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेली. कराराचं सूत्र असं होतं की ब्रिटनकडे गेलेल्या गोरख्यांचा पगार आणि पेन्शन भारतीय सेनेच्या दरांशी जोडलेली राहील. एकाच गावातला एक भाऊ भारताकडे आणि दुसरा ब्रिटनकडे गेला, तर दोघांच्या घरी फार वेगळा पैसा येऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यामुळं आपली पंधरा वर्षांची रेघही तिकडे तशीच गेली.

ब्रिटनकडच्या चार रेजिमेंट मलायात गेल्या. तिथं 1948 पासून बारा वर्षं जंगलातली लढाई चालली. त्यानंतर ब्रुनेई, मग बोर्निओच्या जंगलात इंडोनेशियाशी संघर्ष. तो 1966 मध्ये संपला आणि ब्रिटननं पूर्वेकडचा पसारा आवरायला घेतला. पुढच्या काही वर्षांत गोरखा ब्रिगेड जवळजवळ निम्म्यावर आणली गेली. या वेळी घरी पाठवलेले युद्धापुरते भरती झालेले नव्हते. आठ-दहा-बारा वर्षं जंगलात काढलेले कसलेले सैनिक होते. त्यांतल्या अनेकांचा हिशोब पंधरापर्यंत पोचला नव्हता.

या परिस्थितीतून 1969 मध्ये हा ट्रस्ट उभा राहिला. पुढाकार होता गोरखा पलटणींत नोकरी केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचा. आपल्या हाताखालची माणसं म्हातारपणी कशी जगतात हे त्यांना कळत होतं, आणि सरकारी नियमात त्याला उत्तर नव्हतं. लोकांकडून देणग्या गोळा झाल्या. सेवेत असलेल्या गोरखा सैनिकांनी वर्षातला एक दिवसाचा पगार देण्याची प्रथा पडली. मला या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आज रेघ पार करू शकणारा सैनिक, काल ती पार न करू शकलेल्या सैनिकासाठी पैसे काढून ठेवतो.

आता अशी संस्था चालते कशी, ते बघण्यासारखं आहे. पैसा ब्रिटनमध्ये जमतो. म्हातारा माणूस असतो नेपाळच्या एखाद्या डोंगरात, आणि त्या काळात मोटाररस्त्यापासून तीन-चार दिवसांच्या चालीवर. मनीऑर्डर तरी कुठं पाठवणार? म्हणून डोंगराळ जिल्ह्यांत जागोजागी कल्याण केंद्रं उघडली. केंद्राचा प्रमुख बहुतेक वेळा त्याच ब्रिगेडमधून निवृत्त झालेला गोरखा अधिकारी. त्याला तिथली बोली येते, पलटणीची भाषा येते, आणि समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही हेही कळतं. कारण प्रत्येक अर्जाची छाननी करावीच लागते. कुठल्या पलटणीत होता, किती वर्षं, कागद कुठं आहेत, शेत किती, मुलगा कमावता आहे का. विधवा असेल तर लग्न कधी झालं. ज्यांना दुसरी पेन्शन नाही आणि खरोखर गरज आहे, त्यांना नियमित रक्कम सुरू होते. तिला 'वेल्फेअर पेन्शन' म्हणतात. एकेकाळी अशी रक्कम घेणारे दहा हजारांच्या घरात होते. महायुद्धाची पिढी संपत गेली तसा आकडा उतरत गेला, आणि आता त्यात विधवांचा वाटा मोठा आहे.

दार्जिलिंगच्या पोस्टिंगमध्ये आमच्या लाइनमागच्या वस्तीत असे एक बाजे राहायचे. बाजे म्हणजे नेपाळीत आजोबा. नव्वदीला आलेले, कानांनी अधू, पण पाठ सरळ. मी क्लार्क आहे हे कळल्यावर एका रविवारी पत्र्याच्या डब्यातला कागद घेऊन आले. 1946 चं सुटकेचं प्रमाणपत्र, इंग्रजीत, घड्यांवर फाटलेलं. मी त्यांना मजकूर हिंदीत सांगितला. सर्व्हिस चार वर्षं आणि काही महिने. ब्रह्मदेशात सेवा. वर्तणूक आदर्श.

"बाबू, कागद चांगला आहे ना?" त्यांनी विचारलं.

"फार चांगला आहे, बाजे."

"मग पेन्शन का नाही?"

मी त्यांना पंधरा वर्षांचा नियम सांगितला. त्यांना तो माहीत होता. माझ्याआधी बऱ्याच क्लार्कांनी सांगितला असणार. शहरातल्या केंद्रातून त्यांना वेल्फेअरची रक्कम मिळत होती. ती पुरते का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "चहा, साखर आणि औषध निघतं. सुनेकडे मागावं लागत नाही." एवढं बोलून कागद पुन्हा डब्यात ठेवला.

पैसे वाटणं हा कामाचा एक भाग झाला. म्हाताऱ्या माणसाला औषध लागतं, आणि डोंगरात दवाखाना नसतो. म्हणून केंद्रांत डॉक्टर आणि नर्स आले, पुढं घरी जाऊन तपासणारी पथकं आली. ज्यांना कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी पोखरा आणि धरान इथं निवासी घरं झाली. भूस्खलनात घर गेलं, आग लागली, तर तातडीची मदत असते. 1989 पासून पाण्याच्या योजना सुरू झाल्या. वरच्या झऱ्याचं पाणी पाइपानं उतारावर आणायचं आणि गावात नळ द्यायचे. त्याचा फायदा पेन्शनरसोबत अख्ख्या गावाला होतो, आणि डोक्यावर घागर घेऊन तास-दोन तास चढणाऱ्या बायकांना सर्वांत जास्त.

या पाणी योजनांच्या मागे हाँगकाँगच्या कदूरी घराण्याचा मोठा हात आहे. लॉरेन्स आणि होरेस हे दोघे भाऊ. गोरखा पलटणी हाँगकाँगला होत्या तेव्हा निवृत्तीला आलेल्या सैनिकांना त्यांनी शेती आणि जनावरं पाळण्याचं शिक्षण दिलं, आणि नंतर नेपाळमधल्या पाण्यासाठी, पुलांसाठी पैसा पुरवला. मुंबईकरांना हे नाव अनोळखी नाही. या भावांचे वडील एली कदूरी बगदादहून मुंबईमार्गे पूर्वेला गेले होते, आणि माझगावात त्यांच्या नावाची शाळा आहे.

25 एप्रिल 2015 चा भूकंप ही या सगळ्या यंत्रणेची परीक्षा होती. केंद्र होतं गोरखा जिल्ह्यात, बारपाकच्या जवळ. बारपाक हे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या गजे घलेंचं गाव. ते पाचव्या गोरखा रायफल्सचे, म्हणजे 1947 नंतर आपल्या सेनेचे. आपल्याकडे साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी जसं, तसं ते घरटी फौजी असलेलं गाव. ते जवळजवळ सपाट झालं. ट्रस्टकडे पेन्शनरांच्या याद्या होत्या आणि कोण कुठल्या वाडीत राहतो हे माहीत असलेली माणसं होती. त्यामुळं पायी शोध घेता आला. पुढच्या काही वर्षांत हजारांहून अधिक भूकंपरोधक घरं बांधून झाली.

आता अवघड प्रश्न. हे सगळं दान आहे. हक्क नाही. पेन्शन बंद झाली तर माणूस कोर्टात जाऊ शकतो. देणगी आटली तर कुणाकडे जाणार? ब्रिटिश सरकार ट्रस्टच्या खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून देतं, पण मूळ नियम बदलला नाही. रेघेच्या पलीकडे गेलेल्यांचंही भांडण होतंच. जुन्या गोरख्यांची पेन्शन भारतीय दरांवर बेतलेली, म्हणजे त्यांच्याच बाजूला लढलेल्या ब्रिटिश सैनिकापेक्षा कितीतरी कमी. सरकारचं उत्तर असं, की गोरख्याला पंधरा वर्षांनंतर, तिशीतच पेन्शन सुरू होते, ब्रिटिश सैनिकाला ती म्हातारपणी मिळते, म्हणून तुलना सरळ होत नाही. 2016 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही गोरख्यांच्या विरोधात निकाल दिला. 2021 मध्ये लंडनला पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर काही माजी सैनिक उपोषणाला बसले होते. दरम्यान 2009 मध्ये, चार वर्षं सेवा झालेल्या माजी गोरख्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क मिळाला. कितीतरी म्हातारी जोडपी डोंगर सोडून अल्डरशॉटसारख्या गावी गेली. इंग्रजी येत नाही, थंडी वेगळी, फॉर्म भरायचे कसे ते कळत नाही. मग ट्रस्टला तिथंही मदतीचं टेबल मांडावं लागलं.

काही जण म्हणतात, अशा संस्था असल्या की सरकारची जबाबदारी हलकी होते. यात तथ्य आहे. पण नियम बदलेपर्यंत बाजेंचं औषध थांबत नाही, हेही तितकंच खरं.

आपलं घरही तपासून बघावं. नेपाळमध्ये भारतीय सेनेचे लाखाहून अधिक पेन्शनर आहेत. काठमांडू, पोखरा आणि धरान इथं आपली पेन्शन कार्यालयं आहेत, आणि दूरच्या भागात पथकं जाऊन पैसे वाटतात. हा हक्काचा पैसा. रेघेच्या अलीकडच्यांसाठी आपल्याकडे केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. पासष्टीच्या पुढचे, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज करू शकतात. त्यात दरवर्षी 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण डब्यात टाकलेल्या पैशांचाही वाटा असतो. ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना एवढं नक्की सांगा. कितीतरी लोकांना ते माहीतच नसतं.

2022 मध्ये अग्निपथ योजना आली, आणि चार वर्षांची सेवा 1947 च्या करारात बसत नाही असं म्हणून नेपाळनं भरती थांबवली. तेव्हापासून नेपाळहून भारतीय सेनेत नवे रिक्रूट आलेले नाहीत. धोरणावर बोलणं माझं काम नाही. मी आकडे मांडणारा माणूस. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीराला सेवा निधीची रक्कम मिळते, साधारण 11.71 लाख, पेन्शन नाही. बाजेंच्या कागदावरही चार वर्षं आणि काही महिनेच होते. त्यांना हाक मारणारं केंद्र उभं राहायला तेवीस वर्षं लागली. त्या तेवीस वर्षांत त्यांच्याबरोबर सुटलेल्यांपैकी किती जण गेले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.