धूर येतो कुठून?

९ जानेवारी २०२१. मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. परिचारिकेने दार उघडले तेव्हा आत सगळा धूरच होता. कक्षातल्या १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. त्यांतली ३ भाजून आणि ७ गुदमरून गेली, असे तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. हा ७ चा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. जिथे ज्वाळा पोहोचली नाही, तिथे एवढा धूर आला कुठून?

उत्तर शोधता शोधता मी १९५६ सालच्या एका निबंधाशी येऊन थांबलो. मॉर्टन, टेलर आणि टर्नर या तिघांनी तो रॉयल सोसायटीसाठी लिहिला. त्यांचे म्हणणे साधे आहे. वर चढणारा गरम झोत कडेची थंड हवा आत ओढत जातो, आणि ती हवा झोताच्या वेगाच्या साधारण एक दशांश वेगाने आत शिरते. म्हणून झोत वर जाताना रुंदावतो. धुरात जळालेल्या वस्तूचा अंश थोडाच असतो. बाकी सगळी खोलीतलीच हवा, विषारी आणि गरम झालेली.

यातून निघालेले गणित चकित करते. आगीची उष्णता दुप्पट झाली तर धूर जेमतेम सव्वापट होतो. पण झोताला चढायला दुप्पट उंची मिळाली, तर तो तिपटीहून जास्त होतो. म्हणजे ‘आग लहानच होती’ या म्हणण्यात काही दिलासा नाही. पेटलेल्या कचरापेटीएवढी, १०० किलोवॅटची आग घ्या. दोन मीटर उंचीवर ती सेकंदाला सुमारे एक घनमीटर धूर तयार करते. पाच बाय सहा मीटरची, तीन मीटर उंच बंद खोली धरली, तर छतापासून निम्म्या उंचीपर्यंत धूर उतरायला मी केलेल्या हिशेबाने एक मिनिटही लागत नाही. पुढे प्राणवायू कमी पडला की जळणे अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

१९६३ मध्ये इंग्लंडमध्ये फिलिप थॉमस आणि सहकाऱ्यांनी याच गणितावरून छतातल्या धूरवाटांचे माप काढले: वरून धूर जाऊ द्या, खालून ताजी हवा येऊ द्या. आमच्या झाडीपट्टीतल्या जुन्या घरांत हे काम कवेलूंच्या फटी करत. चुलीचा धूर वर जाई, खाली बसलेल्या बाईला श्वास घेता येई.

नवजात बाळांच्या कक्षाला फटी चालत नाहीत. तिथे ऊब राखायची असते, जंतू रोखायचे असतात. म्हणून कवेलूंचे काम तिथे धूर खेचणाऱ्या पंख्याने आणि धूर अडवणाऱ्या दाराने करायला हवे. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगरच्या रुग्णालयांतही आगीत माणसे गेली. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती वायरिंगची आणि अग्निशमन नळकांड्यांची. ती व्हावीच. पण तपासणीला येणाऱ्या माणसाने एकदा छताकडे बोट दाखवून विचारावे: इथला धूर कुठे जाणार, आणि बाळापर्यंत उतरायला त्याला किती सेकंद लागणार?