वर्धा जिल्ह्यातील आरोग्यसाधना आणि ‘परिमितता’

‘योगचिकित्सा’ हा सामासिक शब्द आज रूढ असला तरी त्यातील दोन पदे फार जुन्या काळापासून एकत्र नांदत होती असे नाही. योग हा मोक्षशास्त्राचा विषय आणि चिकित्सा ही वैद्याची विद्या, अशी त्यांची पूर्वापार विभागणी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात ही दोन पदे जवळ आली ती दोन निरनिराळ्या मार्गांनी. एक मार्ग लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतून गेला. दुसरा वर्धा जिल्ह्यातील आश्रमांतून. पहिल्याचा इतिहास बराच परिचित आहे. दुसऱ्याने ‘चिकित्सा’ हे नाव स्वतःस क्वचितच लावून घेतले आणि त्यामुळेच त्याचा विचार मागे पडला. प्रत्येक व्यक्तीच्या प्रकृतीनुसार उपचाराची मात्रा ठरविणे, हे जे तत्त्व आज योगचिकित्सेचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, त्याचा एक ठळक आविष्कार या दुसऱ्या मार्गावर आढळतो.

स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. यौगिक क्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासणे, हा त्यांचा आग्रह होता. १९२७ च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना गांधीजींची प्रकृती रक्तदाबामुळे ढासळली, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी यौगिक उपचारांविषयी पत्रव्यवहार केला. पुढे १९६३ मध्ये कुवलयानंद व डॉ. विनेकर यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या परंपरेचा भर क्रियेच्या परीक्षणावर होता.

वर्ध्याकडील भर दिनचर्येवर होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहावयास आले. या गावास १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. आहार, फिरणे, मालीश, कटिस्नान, मातीची पट्टी, प्रार्थना आणि श्रम ही तेथील साधने सर्वांना समान होती. परंतु कोणी काय खावे, कोणी उपवास करावा, कोणी किती काम करावे, यासंबंधी गांधीजी प्रत्येकास वेगवेगळ्या सूचना देत. साधने समान आणि मात्रा भिन्न, असे या व्यवस्थेचे स्वरूप थोडक्यात सांगता येईल. आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ साली त्यांनी लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकातही पृथ्वी, जल, आकाश, तेज व वायू या पंचमहाभूतांच्या क्रमाने उपचारांची मांडणी आहे.

मात्रेच्या या विचाराचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विनोबांचे आहे. ते वर्ध्यास १९२१ मध्ये आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत, सहाव्या अध्यायाचे विवरण करताना, त्यांनी चित्ताच्या एकाग्रतेस साहाय्यक म्हणून जीवनातील ‘परिमितता’ सांगितली. सहा वर्षांनी हीच कसोटी त्यांच्या स्वतःच्या शरीरास लागली. १९३८ च्या प्रारंभी त्यांची प्रकृती अत्यंत क्षीण झाली होती. गांधीजींनी एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे सुचविले असता विनोबांनी पवनार निवडले आणि धाम नदीकाठच्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात ते राहावयास गेले. वाटेत नदीचा पूल ओलांडताना त्यांनी सर्व चिंता व संस्थांचा भार मनाने सोडून दिला. तेथे त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी केवळ पाच मिनिटे खणणे, मग रोज थोडी वाढ, असे करीत हे काम दोन तासांपर्यंत गेले. त्यांच्या आठवणीप्रमाणे सुमारे दहा महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ पौंडांवर आले. येथे आसनांचा उल्लेख नाही; तथापि चित्ताची निश्चिंतता व श्रमाची क्रमशः वाढणारी मात्रा यांचा जो संयोग आहे, तो योगाच्या व्याख्येबाहेरचा म्हणता येणार नाही.

दुसरे उदाहरण परचुरेशास्त्री यांचे. येरवड्याच्या तुरुंगातील गांधीजींचे हे सहबंदी, संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने पीडित होऊन १९३९ मध्ये सेवाग्रामास आले. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ कुटी बांधविली व स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केली. शास्त्रीबुवांकडे संस्कृतच्या अध्यापनाचे काम आले. समाजाने वाळीत टाकलेल्या माणसास स्पर्श आणि कार्य ही दोन्ही परत मिळाली. वर्ध्यानजीक दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ पासून चालविलेले कुष्ठसेवेचे कार्य याच भूमिकेचे विस्तृत रूप होय.

मात्र या साधनेस मर्यादा होत्या आणि त्या झाकून इतिहास पुरा होत नाही. मालीशीने कुष्ठाचे जंतू नष्ट होत नाहीत. परिणामकारक औषध १९४० नंतरच्या सल्फोन-उपचारांनी प्रथम हाती आले. हिवतापाने खुद्द गांधीजींनाच १९३६ मध्ये वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. कस्तुरबांच्या निधनानंतर (२२ फेब्रुवारी १९४४) त्यांच्या नावाने सेवाग्रामात डॉ. सुशीला नय्यर यांनी रुग्णालय उभारले आणि १९६९ मध्ये तेथेच वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ज्या गावी मातीची पट्टी हा उपचार होता, त्याच गावी शस्त्रक्रियागृह उभे राहिले, ही घटना पराभवाची नव्हे. दोहोंची क्षेत्रे वेगळी आहेत याची ती व्यवहारातील कबुली होती.

मराठी भाषेने हा भेद पूर्वीच जपलेला दिसतो. संस्कृतात ‘प्रकृति’ म्हणजे सृष्टीचे मूलद्रव्य. आयुर्वेदात ती व्यक्तीची जन्मजात घडण. मराठी बोलीत ‘प्रकृती कशी आहे?’ या प्रश्नात ती आरोग्य होते. ‘निसर्गोपचार’ हा नवा शब्द बाह्य सृष्टीकडे बोट दाखवितो आणि व्यक्तीची घडण त्यात निसटते. वर्ध्याच्या प्रयोगांत ‘प्रकृती’चे हे सर्व अर्थ एकत्र होते: माती-पाण्याचे उपचार, प्रत्येकाच्या घडणीप्रमाणे मात्रा आणि स्वास्थ्य. आज व्यक्तिनिष्ठ योगचिकित्सेचे जे आराखडे आखले जातात, त्यांत रोग्याची आसने निवडली जातात. त्याची झोप, त्याचे काम, त्याचे माणसांतील स्थान यांची मात्रा ठरविली जातेच असे नाही. पवनारची पाच मिनिटांची कुदळ आणि परचुरेशास्त्र्यांची पाठशाळा या दोन गोष्टी अशा आराखड्यांच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नयेत.