लाइट ॲज अ फेदर

अमेरिकी पियानोवादक चिक कोरिया (१९४१–२०२१) यांच्या 'रिटर्न टू फॉरएव्हर' या वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम. ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनच्या आयबीसी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि पॉलिडॉर कंपनीने तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. जॅझ-फ्यूजन म्हणजे कर्कश इलेक्ट्रिक गिटार, अशी समजूत असणाऱ्यांनी हा अल्बम आधी ऐकावा. यात गिटार मुळीच नाही.

वादक पाच. कोरिया (फेंडर रोड्स इलेक्ट्रिक पियानो), स्टॅन्ली क्लार्क (डबल बास), जो फॅरेल (बासरी व सॅक्सोफोन) आणि ब्राझीलहून १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत आलेले दांपत्य : तालवादक आयर्टो मोरेरा व गायिका फ्लोरा प्युरिम. आयर्टो त्याआधी माइल्स डेव्हिस यांच्या ताफ्यात तालवाद्यांचे रंग भरत असत. स्टॅन गेट्झ यांच्या 'कॅप्टन मार्व्हल'मध्येही (ध्वनिमुद्रण १९७२) ड्रम टोनी विल्यम्स यांच्याकडे होते, आयर्टो बाजूला तालवाद्ये वाजवत होते. इथे मात्र ड्रमसेटवर ते स्वतः बसले, आणि अल्बमचा सारा स्वभाव त्यातून ठरला. जॅझमध्ये ब्राझीलचा रंग वरून शिंपडण्याची रीत जुनी आहे. या अल्बममध्ये पायाच सांबाचा आहे.

सांबाची चाल दोन मात्रांची, पण सुर्दो या मोठ्या ढोलाचा भार पडतो दुसऱ्या मात्रेवर. समेवर दाद द्यायची सवय जडलेल्या आपल्या कानाला म्हणूनच सुरुवातीला पायाखालची पायरी हुकल्यासारखे वाटते. आयर्टोंच्या वादनात ही ओढ सतत जाणवते. लय द्रुत असूनही धावपळ वाटत नाही. तालाचे ओझे त्यांनी उचलल्यामुळे कोरियांचा डावा हात मोकळा राहतो, आणि रोड्सचे घंटेसारखे स्वर गर्दी न करता विरत जातात.

'यू'र एव्हरीथिंग' आणि '५०० माइल्स हाय' या दोन्ही गाण्यांची घडण सारखी आहे : आरंभी तालाविना गायिका आणि पियानो, मग एकदम उचललेली लय. दोन्हींचे शब्द नेव्हिल पॉटर यांचे. प्युरिम यांचा आवाज घोटीव नाही, इंग्रजी उच्चारांवर पोर्तुगीज छटा आहे; काहींना तो खटकतो. प्रस्तुत नोंदकाराच्या मते अल्बमची ऊब त्याच आवाजात आहे. शीर्षकगीताचे संगीत क्लार्क यांचे आणि शब्द प्युरिम यांचे. क्लार्क तेव्हा अवघे एकविशीत होते, तरी त्यांचा बास सोबतीपुरता राहत नाही. '५०० माइल्स हाय'मध्ये फॅरेल टेनर सॅक्सोफोन घेतात आणि ध्वनीला एरवी नसलेला खरखरीत काठ येतो. 'चिल्ड्रन्स साँग' ही छोटी रचना. या मालिकेतील वीस रचना कोरियांनी पुढे स्वतंत्र अल्बममध्ये वाजवल्या.

सर्वांत गाजलेली रचना शेवटची, 'स्पेन'. सुमारे दहा मिनिटांची. तिचा आरंभ स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगो यांच्या 'कॉन्सिएर्तो दे आरांहुएस' (१९३९) मधील विलंबित भागाने होतो. माइल्स डेव्हिस यांनी तोच भाग 'स्केचेस ऑफ स्पेन'मध्ये (१९६०) घेतला होता. त्यानंतर येणारी बासरी-पियानोची एकत्र तान अवघड, पण एकदा ऐकली की गुणगुणता येते. तिच्यात टाळ्यांनाही जागा आहे. नाव स्पेनचे असले तरी पुढची चाल बव्हंशी ब्राझीलचीच आहे. जॅझ शिकणाऱ्यांच्या पाठांतरात 'स्पेन' आज हटकून असते. अल जॅरो यांनी ती शब्दांसह गाऊन १९८० मध्ये वेगळ्या श्रोतृवर्गापर्यंत नेली.

हा संच फार टिकला नाही. १९७३ मध्ये आयर्टो, प्युरिम आणि फॅरेल बाहेर पडले. त्याच वर्षीच्या 'हिम ऑफ द सेव्हन्थ गॅलक्सी'मध्ये बिल कॉनर्स यांची इलेक्ट्रिक गिटार आणि लेनी व्हाइट यांचे ड्रम आले, आणि वाद्यवृंद महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या वाटेने रॉककडे वळला. प्युरिम यांच्या 'बटरफ्लाय ड्रीम्स'मध्ये मात्र आयर्टो आणि क्लार्क पुन्हा एकत्र वाजवताना ऐकू येतात.