पालवणकर बाळू : बाबासाहेबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या खेळाडूचा सन्मान आपण का मागायचा?

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागातून बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. त्यांना १३,२४५ मतं पडली. काँग्रेसच्या उमेदवाराला पडली ११,२२५. हा पराभूत उमेदवार म्हणजे पालवणकर बाळू. चळवळीतल्या अनेकांना बाळूंची ओळख आहे ती एवढीच. क्रिकेटवाल्यांना तर तेवढीही नाही.

आम्ही शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत राबणाऱ्या पोरांसोबत काम करतो. रविवारी सुट्टी असली की ही पोरं टेनिस बॉलवर दिवसभर क्रिकेट खेळतात. त्यांना बाळूंबद्दल सांगितलं की दोनच प्रश्न येतात. "एवढा मोठा प्लेअर होता, मग आम्हाला नाव कसं माहीत नाही?" आणि "साहेबांविरुद्ध उभा राहिला होता ना, मग आपण कशाला त्याचं नाव घ्यायचं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून दोन्हींची उत्तरं नीट द्यायला हवीत.

आधी पहिला प्रश्न. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार समाजातलं घर, वडील लष्करी नोकरीत. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर ते लागले. तिथून गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार झाला चार रुपये. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेषा मारायच्या, जाळी लावायची आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तासन्‌तास टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी कधी दिली नाही. त्या मजुरीतून त्यांची डावखुरी फिरकी घडली. 'लगान'मधला कचरा पाहून अनेकांना बाळू आठवतात. पण सिनेमातल्या कचराचा चेंडू त्याच्या अधू हातामुळे आपोआप वळतो. बाळूंचा चेंडू वळायचा तो वर्षानुवर्षांच्या कष्टामुळे. दलिताचं कौशल्य दैवी चमत्कार म्हणून दाखवलं की त्यामागचे श्रम झाकले जातात. सिनेमाने तेच केलं.

पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवायला वेगळं टेबल. हात हवा, हाताचा स्पर्श नको. जातिव्यवस्था समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण आम्हाला तरी सापडलेलं नाही.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंच्या आठ विकेट होत्या. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळलं आणि त्यांचा भाऊ विठ्ठल यालाही कर्णधारपदासाठी डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला आणि कारण जाहीरपणे सांगितलं. गवगवा झाल्यावर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावं लागलं. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

त्याच १९२० च्या मार्चमध्ये, आमच्या शिरोलीच्याच हातकणंगले तालुक्यात, माणगावला परिषद झाली होती. अध्यक्ष बाबासाहेब होते आणि शाहू महाराजांनी तिथे त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. माणगावच्या मांडवात आणि मुंबईच्या मैदानावर मागणी एकच होती : आमच्या लायकीचा निकाल आमची जात लावणार नाही.

आता दुसरा प्रश्न. बाळूंचं राजकारण झाकून ठेवायचं काही कारण नाही. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३७ ला ते काँग्रेसकडून लढले. यातलं काहीही आम्हाला मान्य नाही. पण त्याचा निकाल मतदारांनी तेव्हाच लावला आहे. आपण तो नव्वद वर्षांनी पुन्हा कशाला लावायचा? शिवाय १९११ च्या दौऱ्याहून परतलेल्या बाळूंचा मुंबईत अस्पृश्य समाजाने सत्कार केला, तेव्हा त्यांना मानपत्र दिलं ते कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी, असं रामचंद्र गुहा यांनी नोंदवलं आहे. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता. तो मानायचा तर कुणाला डोक्यावर घेताना जसा विचार करायचा, तसाच कुणाला पुसून टाकतानाही करायला हवा.

आणि एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. बाळू चर्मकार होते म्हणून ते "त्यांचे", "आपले" नव्हेत, ही कुजबुज आपल्यातही चालते. जातीअंताच्या चळवळीत महापुरुषांची पोटजातवार वाटणी होत असेल, तर पॅव्हेलियनबाहेरचं ते मातीचं भांडं आपणही जपून ठेवलंय असंच म्हणावं लागेल.

बाळू कसोटी खेळले नाहीत, हा आक्षेपही घेतला जातो. भारताची पहिली कसोटी झाली १९३२ मध्ये. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. मग रणजितसिंहजी भारताकडून किती कसोटी खेळले? एकही नाही. ते इंग्लंडकडून खेळले. तरी १९३४ पासून देशाची मुख्य स्पर्धा त्यांच्या नावाने होते. म्हणजे आडवा येतो तो कसोटीचा निकष नव्हे. १९२८ ला हॉकीचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा आदिवासी होते, पुढे संविधान सभेतही होते. त्यांचं नाव तरी किती शाळकरी पोरांना ठाऊक आहे? खाशाबा जाधवांनी कोल्हापुरात शिकून १९५२ मध्ये ऑलिंपिक पदक आणलं. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या एखाद्या क्रिकेट स्पर्धेला पालवणकर बाळूंचं नाव द्या. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात त्यांचा धडा घाला आणि त्यात चहाच्या भांड्याची गोष्ट गाळू नका. मरणोत्तर पदकाने वर्तमानपत्रात एक दिवस फोटो येतो. स्पर्धेचं नाव दरवर्षी घ्यावं लागतं, आणि पोरं विचारतात, हा कोण होता?

त्याचं उत्तर देता यावं, एवढी तयारी आपली हवी. ४ जुलै १९५५ ला बाळू गेले. येत्या ४ जुलैला प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वाचनालयात त्यांच्यावर तासभर चर्चा ठेवा. पुणे करारावरही बोला, १९३७ वरही बोला. माणूस अख्खा सांगा.

जय भीम.