कोय आणि वाटाणा

दिवाळीच्या रात्री कशेडीच्या अंगणात नातवंडांनी मला विचारले, "आजोबा, नवी जादू सुचते कशी?" मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची हकिगत सांगितली.

गारुडी फडक्याखाली आंब्याची कोय रुजवून घटकेत रोप दाखवीत. ती सारी हातचलाखी! फाळकेही जादूगार; आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणवीत. विमा गहाण टाकून विलायतेहून कॅमेरा आणला, पण बोलपटापूर्वीच्या त्या मूक चित्रांनाही भांडवल हवेच. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर रोज एकेक चित्र टिपले. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वाढला! त्याच्या बळावर पैसा उभा राहिला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

मला यात एक धडा दिसतो: जुना चमत्कार घ्यावा, साधन बदलून पाहावे.

सकाळी पाहतो तो नातवाने कुंडीत वाल पेरून समोर मोबाइल उभा केलेला!